ऑक्सिमीटरवर ९९, आणि तरी जीव गुदमरतोय

रात्रीचे पावणेबारा. आत्या पलंगाच्या कडेला बसलेली. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताच्या बोटाला कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर. आकडा ९९.

"अगं, हे यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. "मला श्वासच मिळत नाहीये."

मी ते काढून माझ्या बोटाला लावलं. ९७. म्हणजे जिचा जीव गुदमरत होता तिच्या रक्तातला ऑक्सिजन माझ्यापेक्षा दोन आकड्यांनी वरच होता. यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि आत्या नाटकही करत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी असंच झालं तेव्हा आम्ही तिला घेऊन हॉस्पिटलात धावलो होतो. ईसीजी स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं. टेन्शन घेऊ नका हा सल्ला पाऊस पडताना भिजू नका म्हणण्यासारखा आहे. छत्री कुठे मिळते ते कुणी सांगत नाही. मग माणूस मोबाइल उघडतो. तिथे कोणी म्हणतं चार मोजून श्वास रोखा, कोणी म्हणतं सात मोजून रोखा, कोणी कपालभाती करायला सांगतं. श्वासाचा उपयोग होतो हे खरं. कोणत्या श्वासाचा, केव्हा आणि कितपत, याचा मात्र पुरता गोंधळ आहे.

चोर नाही, पण सायरन खरा

आत्याला येत होता तो पॅनिक अटॅक. म्हणजे एकाएकी उसळणारी तीव्र भीती, जी काही मिनिटांत टोकाला पोहोचते आणि जिच्यासोबत शरीरही हलून जातं. छातीत धडधड, दरदरून घाम, थरथर, धाप, घसा आवळल्यासारखा, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'आता मी मरणार' किंवा 'मला वेड लागणार' ही खात्री. डॉक्टरांच्या यादीत अशी १३ लक्षणं आहेत. त्यातली ४ किंवा अधिक एकदम आली की पूर्ण झटका मानतात. तो झोपेतून उठवूनही येऊ शकतो, त्यामुळे 'मी तर काही विचारच करत नव्हते' हे आत्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

पहाटे तीनला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजर एखाद्या गाडीच्या बॉनेटवर उडी मारतं आणि अख्खी बिल्डिंग जागी होते. सायरन खरा असतो, चोर नसतो. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा. घंटा वाजली की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, स्नायूंकडे जादा रक्त जातं, श्वास वेगाने चालू होतो. समोर बिबट्या असता तर हे सगळं कामाला आलं असतं. आत्या मात्र पलंगावर बसली होती. पळण्याची सगळी तयारी झाली आणि पळायचं कुठेच नव्हतं.

हवा कमी पडत नाही, जास्त होते

आता त्या ९९ आकड्याकडे येऊ. शरीराला गरज नसताना वेगाने किंवा खोल श्वास घेत राहण्याला डॉक्टर हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. आपण अतिश्वसन म्हणू. यात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं. बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो भराभर बाहेर फेकला जातो.

शाळेत आपण शिकलो की ऑक्सिजन चांगला आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे टाकाऊ वायू. ते अर्धंच खरं आहे. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन हा पार्सलवाला समजा. तो दारात उभा आहे, पार्सल हातात आहे, पण ओटीपी मिळाल्याशिवाय देत नाही. हा ओटीपी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो कमी झाला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहजासहजी सोडत नाही. डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी हे १९०४ साली दाखवून दिलं. (अणुरचनेचे नील्स बोर यांचे हे वडील.) ऑक्सिमीटर फक्त पार्सलवाल्याच्या हातात पार्सल आहे की नाही तेवढं पाहतो, घरात पोचलं का ते त्याला दिसत नाही.

याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. जोराच्या अतिश्वसनाने तो थोड्याच वेळात २५ पर्यंत उतरू शकतो, आणि मग मेंदूकडे जाणारं रक्त तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कमी होतं. गरगरणं, अंधारी, सगळं दूर गेल्यासारखं वाटणं हे त्यातूनच येतं. रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा उगाचच उत्तेजित होतात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. फार झालं तर हाताची बोटं ताठ होऊन एकत्र आकसतात. जुन्या वैद्यकात या आकाराला चक्क 'सुईणीचा हात' असं नाव आहे. घरच्यांना मात्र तो अर्धांगवायू वाटतो आणि घबराट दुप्पट होते.

आणि तो 'श्वास मिळत नाही'चा भास? तो कळशीसारखा आहे. कळशी काठोकाठ भरलीय आणि आपण वरून आणखी ओततोय, पाणी आत जात नाही. घाबरलेला माणूस श्वासावर श्वास घेत सुटतो, पुरता सोडत नाही. छाती फुगलेलीच राहते, बरगड्यांमधले स्नायू थकतात, दुखतात. आत जागा नसते आणि त्याला वाटतं हवाच नाही.

यातलं काहीही, एरवी धडधाकट माणसाच्या बाबतीत, जीवघेणं नाही. श्वास पूर्ववत झाला की सगळं मागे फिरतं. चक्कर येऊन पडण्याची भीती तर बहुतेकांना असते, पण झटक्यात सहसा रक्तदाब वाढलेला असतो आणि बेशुद्ध पडायला तो एकदम उतरावा लागतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणारे लोक हा वेगळा प्रकार.

'दीर्घ श्वास घे' हा सल्ला कुठे चुकतो

त्या रात्री मीही हेच म्हणाले होते. "आत्या, मोठा श्वास घे बघू." तिने घेतला. आणखी एक घेतला. दोन मिनिटांत तिच्या हातांना मुंग्या आल्या. भरलेल्या कळशीत मीच तांब्या ओतत होते.

करायचं ते उलट आहे. आधी सोडायचं. आणि सोडायचं कसं, हे आपल्याला लहानपणापासून येतं. बशीत ओतलेला कडक चहा आठवा. त्यावर जोराने फुंकलं तर चहा सांडतो आणि हळूच फुंकलं तर नुसती तरंगांची सुरकुती उठते. तशी फुंकर घालायची, ओठ किंचित मिटून, चहा न सांडता, हवा आपोआप संपेपर्यंत. मग तोंड मिटायचं आणि नाकाने जेवढा श्वास सहज येईल तेवढाच येऊ द्यायचा. छाती फुगवायची नाही. छोटा श्वास चालतो, नव्हे, छोटाच हवा. पुन्हा फुंकर.

आकडे आवडत असतील तर मनात चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे बारा ते वीस होतात. पण झटक्याच्या ऐन भरात दहा सेकंद हे युगासारखे वाटतात. तेव्हा दोन आत आणि तीन बाहेर इतकंही पुरे. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा मोठा असला की झालं. मोजण्यात चुकलं म्हणून नवी घबराट नको.

कागदी पिशवीत श्वास घ्यायची युक्ती सिनेमात दिसते, ती मात्र विसरा. कल्पना अशी की सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत मिळेल. पण त्रास जर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर पिशवीत ऑक्सिजन कमी पडतो. या युक्तीमुळे माणसं दगावल्याची नोंद १९८० च्या दशकाच्या अखेरीसच वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे.

फुंकर हृदयापर्यंत कशी पोचते

हृदयाला 'हळू चाल' असं सांगता येत नाही. घामाला थांब म्हणता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या सांगण्यावरूनही. ही मागच्या अंगणातून घरात शिरायची वाट आहे.

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुण माणसात हे जास्त स्पष्ट कळतं. हा दोष नाही. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाचा लगाम धरून असते आणि श्वास सोडताना तो लगाम ओढला जातो. म्हणून लांब फुंकर म्हणजे लगाम जास्त वेळ ओढलेला.

२००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ जणांना आळीपाळीने जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब एका संथ लयीत झुलू लागले. हे वाचल्यावर मला आमच्या आळीतला हरिपाठ आठवला. अभंगाची ओळ एका दमात म्हणायची तर ती सगळी बाहेर जाणाऱ्या श्वासावर म्हणावी लागते आणि श्वास घ्यायला मध्ये एवढीशी फट. गाणं म्हणजे ताल धरलेली फुंकरच. हरिपाठावर असा प्रयोग झाला असेल-नसेल. ओळीची लांबी मात्र कुणीही मोजून पाहावी.

'हे तर योगात पहिल्यापासून आहे'

आहेच. पूरक म्हणजे घेणं, कुंभक म्हणजे रोखणं, रेचक म्हणजे सोडणं, आणि रेचक पूरकापेक्षा लांब ठेवायला आपल्याकडचा कुठलाही बरा योगशिक्षक शिकवतो. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं तेच मुळी असल्या गोष्टी यंत्रं लावून तपासायला.

पण 'प्राणायाम' या एका शब्दाखाली अगदी उलट्या गोष्टीही येतात. भस्त्रिका आणि कपालभाती हे वेगवान प्रकार आहेत. ज्याला झटके येतात त्याने, विशेषतः झटका येतोय असं वाटत असताना, ते करणं म्हणजे आगीवर भाता चालवणं. माझ्या आत्याला तिच्या वॉकिंग ग्रुपने कपालभातीच सुचवली होती. तिसऱ्या दिवशी तिने ती सोडली आणि 'मला योग मानवत नाही' असा निष्कर्ष काढला. तिला योग मानवत होता, तो प्रकार चुकीचा होता. श्वास फार वेळ रोखून धरणंही हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. भ्रामरी, ओंकार, साधी संथ दीर्घ रेचकाची बैठक, हे या कामासाठी पुरेसं आहे.

रीलवर सध्या गाजणारा 'दुहेरी उसासा' याच घराण्यातला. नाकाने एक श्वास, त्यावरच आणखी एक छोटा श्वास, मग लांब सोडणं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र सगळ्याच गटांत कमी झाली, आणि ते लोक पॅनिकचे रुग्ण नव्हते. रीलमध्ये ही दोन वाक्यं कापलेली असतात.

'मी करून पाहिलं, उपयोग झाला नाही'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

पहिली शक्यता, सराव ऐन वेळी सुरू केला. पुरात पडल्यावर पोहायला शिकता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, काहीच होत नसताना, आडवं पडून पोटावर हात ठेवून हे करायचं. छातीपेक्षा पोट वर-खाली होतंय का बघायचं. काही आठवड्यांत शरीराला ती वाट पाठ होते. झटके टळायला मदत होते ती या कंटाळवाण्या सरावाने. जोडीला झोप पुरी हवी आणि चहा-कॉफी कमी. आत्याचे दिवसाला सात कप होत होते, हे तिने आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितलं.

दुसरी, श्वासाकडे लक्ष दिलं की काहींची भीती वाढते. ज्यांना श्वासाचीच धास्ती आहे त्यांना 'श्वासावर लक्ष ठेवा' सांगणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. अशांनी लक्ष बाहेर न्यावं. फरशा मोजाव्या, चालावं, तोंडावर गार पाणी मारावं, मोठ्याने काही म्हणावं. श्वास मागून येतो.

तिसरी शक्यता जरा अवघड आहे. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रुग्णांच्या अंगावर मापक लावून पाहिलं, तर कित्येक झटक्यांत कार्बन डायऑक्साइड घटलेलाच नव्हता. म्हणजे वर सांगितलेली पार्सलची गोष्ट खरी आहे, पण प्रत्येक झटक्याची नाही. मग उरतं काय? ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलं ते असं: धडधड होते, माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. रहाट फिरत राहतो. फिरवणारा हात म्हणजे तो लावलेला अर्थ.

म्हणून पॅनिकवरच्या मानसोपचारात तज्ज्ञ कधी कधी मुद्दाम उलटं करायला लावतात. जोरजोरात श्वास घ्या, खुर्चीत गोल फिरा, जिने पळत चढा. गरगरू द्या, धडधडू द्या. आणि बघा, काही होत नाही. याने जे साधतं ते नुसत्या श्वासाच्या सरावाने साधत नाही, असं अभ्यासांचा कल सांगतो. उलट श्वासाला ताईत बनवलं, 'मी वेळेवर फुंकलं नसतं तर मेलेच असते' असं वाटू लागलं, तर भीती जिथल्या तिथेच राहते. फुंकर झटका हाकलण्यासाठी नसते. साधारण दहा मिनिटांत लाट टोकाला जाऊन उतरणारच असते, तेवढा वेळ तिच्यावर तरंगत राहायला ती उपयोगी.

झटके पुन्हा पुन्हा येत असतील, किंवा त्यांच्या भीतीने लिफ्ट, एसटी, लग्नकार्यं टाळायला सुरुवात झाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. मानसोपचार आणि गरज पडल्यास औषधं, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

'आणि खरंच हार्ट अटॅक असला तर?'

तर फुंकर घालत बसायचं नाही. पहिल्यांदाच असं झालं असेल तर घरी बसून निदान करू नका. छातीवर दाब किंवा ओझं, जबड्याकडे, पाठीत किंवा हातात सरकणारं दुखणं, कष्टाने वाढणारा त्रास, शुद्ध हरपणं, श्वासात शिट्टीसारखा आवाज, ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली, यातलं काही असेल तर १०८ फिरवा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकाराची लक्षणं वेगळी, पुसट असू शकतात. थायरॉइड, रक्तक्षय, साखर उतरणं, हृदयाच्या ठोक्यांचे काही विकार हेही पॅनिकचं सोंग घेऊन येतात. एकदा नीट तपासणी झालीच पाहिजे. मात्र ती स्वच्छ आल्यावर दर आठवड्याला नवा ईसीजी काढणं हेही त्या रहाटाला हात लावणंच.

शेजारी बसणाऱ्याने काय करायचं

आपल्याकडे कुणाला काही झालं की घरभर गर्दी होते. एक जण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरी साखर-पाणी आणते, तिसरा पंखा पाचावर करतो, आणि सगळे एकदम विचारतात, "काय होतंय? काय होतंय?" गर्दी हटवा. 'काही नाही झालेलं' म्हणू नका, तिला होतंय. समोर बसा, आवाज खाली ठेवा आणि तुम्ही स्वतः हळू फुंकर घालू लागा. सूचना कमी, सोबत जास्त. ती मागे मागे येते.

तिसऱ्या वेळी मी तेच केलं. खरीच बशी आणली, त्यात गरम पाणी ओतलं. "आत्या, सांडू द्यायचं नाही हं." पहिल्या दोन फुंकरी जोरात गेल्या आणि तिच्या साडीवर शिंतोडे उडाले. तिला त्याही अवस्थेत राग आला, "पाणी कसलं आणलंस, चहा तरी आणायचा." मग हळूहळू बशीतले तरंग बारीक होत गेले. अठरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं.

त्यानंतरही तिला झटका आला, दोनदा. एकदा तर मुलीच्या घरी, पाहुण्यांसमोर. ती आता समुपदेशनालाही जाते आणि लिफ्टने एकटी चढते, तिसऱ्या मजल्यापर्यंत. गेल्या महिन्यात टीव्हीचा रिमोट बंद पडला तेव्हा तिने ऑक्सिमीटरमधले सेल काढून त्याला घातले. नवे आणायचे राहूनच गेलेत.